गेंडेन, पेल्जीदीन

गेंडेन, पेल्जीदीन : (१८९२ किंवा १८९५–२६ नोव्हेंबर १९३७). मंगोलियन लोकप्रजासत्ताकाचा पंतप्रधान (१९३२–३६) व मंगोलियन जनक्रांतिकारी पक्षाचा एक प्रमुख नेता. ‘पेल्जीदीन’ हे मंगोल रिवाजाप्रमाणे पालकाच्या नावाचे षष्ठ्यंत रूप असून ‘गेंडेन’ हे त्याचे स्वतःचे नाव होय. एकीकडे सोव्हिएट रशिया व दुसरीकडे मँचुरियात पाय रोवलेला जपान अशा दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या एका विरळ लोकवस्तीच्या देशाची धुरा त्याच्याकडे होती. आरंभी तो अत्यंत जहाल सुधारणांचा पुरस्कर्ता होता. पुढे त्यानेच त्या सुधारणा मागे घेतल्या आणि बौद्ध मठांचा समूळ उच्छेद करावा, ही स्टालिनची मागणी तो सु. दीड वर्ष लांबणीवर टाकीत राहिला. या चालढकलीची किंमत म्हणून त्याला प्रथम पदाला व नंतर प्राणाला मुकावे लागले.

पूर्वपीठिका : बाह्य मंगोलिया सतराव्या शतकाच्या अखेरीपासून चीनच्या मांचू सम्राटांच्या अंमलाखाली होता. १९११ मध्ये मांचू सत्ता कोसळताच मंगोल सरदारांनी व धर्माधिकाऱ्यांनी स्वातंत्र्य पुकारले आणि अर्गा येथील सर्वोच्च लामा जेब्त्सुनदाम्बा खुतुख्तू यास ‘बोग्द खान’ या पदवीने राज्यावर बसविले. १९१५ च्या क्याख्ता करारान्वये चीनच्या अधिराज्याखालील स्वायत्ततेवर मंगोलांना समाधान मानावे लागले व १९१९ मध्ये चिनी सैन्याने तीही संपुष्टात आणली. १९२१ च्या आरंभी रशियन यादवीतील श्वेत सेनापती बॅरन उंगर्न याने चिन्यांना अर्गातून हुसकावून लावले. त्याच वर्षीच्या जुलैत मंगोल क्रांतिकारकांनी रशियाच्या तांबड्या सेनेच्या साहाय्याने राजधानी जिंकून नवे सरकार स्थापन केले. बोग्द खानाचे राजपद काही काळ नामधारी स्वरूपात टिकले. १९२४ च्या मे महिन्यात तो मरण पावला. त्याच्या पुनर्जन्मित अवताराचा शोध घेण्यास सरकारने अनुमती दिली नाही आणि २६ नोव्हेंबर १९२४ रोजी प्रजासत्ताकाची पहिली राज्यघटना संमत झाली. अर्गा शहरास ‘ऊलान बातोर’ म्हणजे ‘तांबडा वीर’ हे नाव याच वेळी मिळाले.

या नव्या राज्याची लोकसंख्या सात लाखांच्या आसपास होती. बहुतेक लोक लोकरी नमद्याच्या तंबूत (गेर) राहणारे भटके पशुपालक होते. घोडे, उंट, गुरे, मेंढ्या व बकऱ्या हीच त्यांची संपत्ती. देशात सातशेहून अधिक बौद्ध मठ आणि सु. एक लाख लामा होते. मठांच्या मालकीचे प्रचंड कळप गरीब कुटुंबांकडे राखणीला असत. शिक्षण, वैद्यक, पंचांग, कर्ज व दानधर्म या सर्व बाबतींत सामान्य माणूस मठावर अवलंबून होता. उलट क्रांतिकारी पक्षापाशी मूठभर साक्षर कार्यकर्ते होते. पुढील वीस वर्षांच्या राजकारणाचे मर्म या विषम बलाबलात आहे.

राजकीय उदय : गेंडेनचा जन्म मध्य मंगोलियातील सध्याच्या ओव्होर्खांगाई प्रांतात एका सामान्य पशुपालक कुटुंबात झाला. १९२२ मध्ये तो क्रांतिकारी युवक संघात दाखल झाला आणि स्थानिक शाखेचे काम पाहू लागला. १९२४ च्या नोव्हेंबरात भरलेल्या पहिल्या महाखुरालाला (राष्ट्रीय प्रतिनिधिसभा) तो प्रतिनिधी म्हणून गेला. तेथे त्याची लहान खुरालाच्या अध्यक्षमंडळाचा प्रमुख म्हणून निवड झाली. हे पद औपचारिक दृष्ट्या राष्ट्रप्रमुखाचे होते व ते त्याच्याकडे १९२७ पर्यंत राहिले. दोन वर्षांपूर्वी ग्रामीण भागात युवक संघाचे काम करणारा हा तरुण एकदम राज्याच्या शिखरावर पोहोचला.

१९२४ ते १९२८ या काळात पक्षाची सूत्रे दांबादोर्ज या नेमस्त नेत्याच्या हाती होती. खाजगी व्यापाराला वाव द्यावा, रशियाबरोबरच अन्य देशांशीही संबंध ठेवावेत आणि धर्मसंस्थेशी सबुरीने वागावे, असे त्याच्या गटाचे धोरण होते. मॉस्कोतील कॉमिन्टर्न या आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेला ते मान्य नव्हते. १९२८ च्या अखेरीस भरलेल्या सातव्या पक्ष-अधिवेशनाला कॉमिन्टर्नचे शिष्टमंडळ उपस्थित राहिले आणि त्याच्या दडपणाखाली दांबादोर्जचा गट पदच्युत झाला. पक्षाचे चिटणीसपद बाद्राख, एल्देव्ह-ओचिर व गेंडेन या तिघांकडे आले. राजधानीतील जुन्या, सुशिक्षित पुढाऱ्यांविरुद्ध ग्रामीण भागातील गरिबांचे प्रतिनिधी अशी या नव्या नेत्यांची प्रतिमा होती.

जहाल धोरण व १९३२ चे बंड : १९२९ पासून सरदारांची व नंतर मठांची मालमत्ता जप्त होऊ लागली. पशुपालकांना सामुदायिक गोटांत सामील होण्याची सक्ती करण्यात आली. खाजगी व्यापार व मालवाहतूक बंद झाली, चिनी व्यापाऱ्यांना देश सोडावा लागला आणि परदेशी व्यापार केवळ रशियाशी उरला. रशियाकडून पुरेसा माल येत नसल्यामुळे चहा, पीठ व कापड यांची टंचाई निर्माण झाली. ज्यांच्या दैनंदिन आहारात विटेच्या आकाराच्या दाबीव चहाला अन्नाइतकेच महत्त्व होते, त्या लोकांना ही टंचाई विशेष जाचली. आपली जनावरे गोटाच्या स्वाधीन करण्यापेक्षा ती मारून खाणे अनेकांनी पसंत केले. हजारो कुटुंबे कळपांसह सीमेपलीकडे निघून गेली. १९३० मध्ये देशात सु. २ कोटी ३० लाख जनावरे होती, ती १९३२ पर्यंत सु. १ कोटी ६० लाखांवर आली. एवढी मोठी हानी रोगराईने वा ‘झुद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कडक हिवाळी आपत्तीनेही क्वचितच होई.

या धोरणाच्या प्रमुख सूत्रधारांपैकी गेंडेन हा एक होता, ही गोष्ट त्याच्या चरित्राचा विचार करताना नजरेआड करता येत नाही. पुढील काळातील त्याच्या नेमस्तपणावर या अनुभवाची छाया दिसते.

१९३२ च्या एप्रिलमध्ये खुव्हस्गुल भागातील एका मठापासून उठावाला प्रारंभ झाला आणि तो लवकरच पश्चिमेकडील व मध्य भागातील अनेक प्रांतांत पसरला. त्याचे नेतृत्व प्रामुख्याने लामांकडे होते. तथापि सामान्य पशुपालक आणि पक्षाचे व युवक संघाचे सदस्यही मोठ्या संख्येने बंडखोरांना मिळाले. तिबेटमधून परागंदा झालेला नववा पंचेन लामा सैन्यासह मदतीला येईल, अशी त्यांची समजूत होती. सहकारी दुकाने व शासकीय कचेऱ्या जाळण्यात आल्या आणि दोन्ही बाजूंनी क्रूर कृत्ये घडली. रशियाने पुरविलेली विमाने व चिलखती गाड्या यांच्या साहाय्याने हा उठाव त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मोडून काढण्यात आला. त्यात हजारो माणसे प्राणास मुकली.

नवे वळण : या उठावाने मॉस्कोही सावध झाले. १९३१ च्या सप्टेंबरात जपानने मँचुरियावर आक्रमण केले होते व १९३२ मध्ये तेथे मांचुकुओ हे बाहुले राज्य उभारले होते. अशा वेळी मंगोलियातील असंतोष जपानच्या पथ्यावर पडेल, हे उघड होते. मे १९३२ मध्ये रशियन पक्ष व कॉमिन्टर्न यांनी संयुक्तपणे धोरणबदलाचा आदेश दिला. जूनअखेर मंगोल पक्षाच्या खास बैठकीत तो स्वीकारण्यात आला. झालेल्या चुकांचे खापर ‘डाव्या विचलना’वर फोडण्यात आले. पंतप्रधान जिग्जिदजाव आणि बाद्राख यांना पदे गमवावी लागली. ज्या रशियन सल्लागारांच्या प्रेरणेने हे धोरण अमलात आले होते, त्यांचा दोष मात्र कोणी काढला नाही. जहाल गटातील असूनही गेंडेन तगला, एवढेच नव्हे, तर २ जुलै १९३२ रोजी तो पंतप्रधान झाला.

‘नवे वळण’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्याच्या धोरणात सामुदायिक गोटांचे विसर्जन, खाजगी व्यापार व वाहतूक यांना मोकळीक, करांत सूट आणि जप्तीच्या कारवाईला स्थगिती या गोष्टी समाविष्ट होत्या. मठांवरील निर्बंधही शिथिल झाले. पशुपालकांनी कळप वाढवावेत व धनवान व्हावे, अशी घोषणा गेंडेनने दिली. रशियात काही वर्षांपूर्वी बूखारिनने शेतकऱ्यांना उद्देशून अशाच अर्थाची घोषणा केली होती. परिणाम लवकरच दिसू लागले. जनावरांची संख्या वाढत जाऊन १९३५ च्या सुमारास ती जवळजवळ पूर्वपदावर आली. ज्या भागांत तीन वर्षांपूर्वी बंड झाले होते, तेथे पुन्हा बाजार भरू लागले. या यशामुळे गेंडेनला जनतेत मान मिळाला आणि त्याचा आत्मविश्वासही वाढला. तो रोखठोक बोलणारा, विनोदप्रिय व मद्याची आवड असलेला गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होता. जगात बुद्ध व लेनिन असे दोन थोर प्रज्ञावंत झाले, असे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात. साम्यवादी पक्षाच्या नेत्याच्या तोंडी हे वाक्य धाडसाचेच म्हणावे लागेल.

ल्हुंबे प्रकरण : नव्या धोरणाच्या या काळाला एक काळी बाजूही आहे. १९३३ मध्ये पक्षाचा एक चिटणीस ल्हुंबे याच्यावर जपानसाठी हेरगिरी केल्याचा आरोप ठेवून त्याला पकडण्यात आले. छळ करून मिळविलेल्या कबुलीजबाबांच्या आधारे शेकडो लोकांना त्यात गोवण्यात आले. त्यांत रशियन क्रांतीनंतर मंगोलियात येऊन स्थायिक झालेल्या बुर्यात जमातीच्या लोकांचा भरणा अधिक होता. १९३४ च्या जूनमध्ये ल्हुंबे व त्याचे अनेक कथित साथीदार यांना गोळ्या घालण्यात आल्या. रशियन सल्लागारांनी चालविलेल्या या कारवाईला गेंडेनच्या सरकारची संमती होती. एका प्रतिस्पर्ध्याचा काटा परस्पर निघतो, म्हणून त्याने तिकडे डोळेझाक केली, असे काही अभ्यासकांचे मत आहे. कारण कोणतेही असो, हेरगिरीचा आरोप, यातना व सामुदायिक शिक्षा ही पद्धत देशात रूढ झाली आणि तीन वर्षांनी तिचाच फास गेंडेनच्या गळ्यात पडला.

स्टालिनशी मतभेद : १९३४ च्या अखेरीस गेंडेन शिष्टमंडळासह मॉस्कोला गेला. २७ नोव्हेंबर १९३४ रोजी परस्पर संरक्षणसाहाय्याचा तोंडी करार झाला. या भेटीत स्टालिनने लामांचा प्रश्न आग्रहाने मांडला. मंगोलियात दोन सरकारे असून त्यांपैकी लामांचे सरकार अधिक प्रबळ आहे, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. मठांवर कर वाढवावेत, नवे लामा घडू देऊ नयेत आणि अखेर त्यांची सत्ता मोडून काढावी, अशी त्याची अपेक्षा होती. चोइबाल्सान या जुन्या क्रांतिकारकाला उपपंतप्रधान नेमावे, ही त्याची सूचनाही गेंडेनला मान्य करावी लागली. ल्हुंबे प्रकरणात चोइबाल्सानचीही मॉस्कोत चौकशी झाली होती. तीतून सुटल्यावर तो रशियाच्या पूर्ण विश्वासातला माणूस बनला होता.

मायदेशी परतल्यावर गेंडेनने मठांवरील करांत वाढ केली व अल्पवयीन मुलांच्या मठप्रवेशावर निर्बंध घातले. तथापि त्यापुढे पाऊल टाकण्याचे त्याने टाळले. १९३२ च्या बंडाची आठवण ताजी होती. शिवाय लामांची संख्या पाहता हा केवळ धर्माचा नव्हे, तर देशातील जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न होता. पुरोहितवर्गाचा प्रभाव शिक्षणाने व करांच्या साहाय्याने क्रमाक्रमाने कमी करता येईल, असे त्याचे मत होते. संरक्षणखर्च वाढविणे व देशात रशियन फौज ठेवून घेणे या बाबींतही तो चालढकल करीत राहिला. तोंडी करार पुरेसा असून लेखी तहाची घाई नको, अशी त्याची वृत्ती होती. १९३५ च्या जानेवारीत मांचुकुओच्या सीमेवर चकमकी झडल्या. त्यावर वाटाघाटी करण्यासाठी त्याच वर्षी मांचुली येथे बैठका झाल्या. त्या निष्फळ ठरल्या. मंगोल सरकार जपानच्या बाजूशी बोलणी करीत आहे, एवढी गोष्ट मात्र मॉस्कोच्या संशयाला पुरेशी होती.

डिसेंबर १९३५ मध्ये गेंडेन पुन्हा मॉस्कोला गेला, तेव्हा स्टालिन व मोलोटोव्ह यांनी त्याला कठोर शब्दांत धारेवर धरले. याच मुक्कामात एका मेजवानीच्या वेळी मद्याच्या भरात गेंडेनने स्टालिनशी हुज्जत घातली, तो रशियाचा झार बनू पाहत असल्याचे त्यास सुनावले व त्याच्या तोंडात मारून त्याचा पाइप फोडला, अशी कथा मंगोलियात सर्वतोमुखी आहे. आठवणींवर व जनश्रुतीवर आधारलेला हा प्रसंग तपशिलांसह खरा मानता येत नाही. मात्र दोघांतील संबंध याच वेळी तुटले, याबद्दल दुमत नाही. पराभूत नेत्याच्या स्वाभिमानाचे प्रतीक म्हणून ही कथा लोकांनी जपून ठेवली, हेच तिचे महत्त्व होय.

पदच्युती व मृत्यू : १९३६ च्या फेब्रुवारीत चोइबाल्सान व संरक्षणमंत्री देमिद यांना मार्शल ही पदवी देण्यात आली. अंतर्गत सुरक्षा विभागाचे स्वतंत्र मंत्रालयात रूपांतर होऊन ते चोइबाल्सानच्या हाती गेले. १ मार्च रोजी स्टालिनने एका अमेरिकन पत्रकारास दिलेल्या मुलाखतीत, जपानने मंगोलियावर हल्ला केल्यास रशिया त्याच्या मदतीस जाईल, असे जाहीर केले. १२ मार्च १९३६ रोजी परस्पर साहाय्याचा लेखी करार ऊलान बातोर येथे झाला. ज्या कराराला गेंडेनने आजवर बगल दिली होती, त्यावर मंगोलियाच्या वतीने राष्ट्रप्रमुख आमार याच्याबरोबर गेंडेनलाच सही करावी लागली. त्याच सुमारास भरलेल्या पक्षाच्या बैठकीत रशियाशी असलेल्या मैत्रीला त्याने बाधा आणल्याचा ठपका ठेवण्यात आला आणि त्यास पदावरून दूर करण्यात आले. त्याच्या जागी आमार पंतप्रधान झाला.

वैद्यकीय उपचारांच्या निमित्ताने गेंडेनला रशियात नेण्यात आले व क्रिमियातील फोरोस येथे ठेवण्यात आले. हा एक प्रकारचा स्थानबद्ध वासच होता. १९३७ च्या जुलैमध्ये त्याला अटक झाली. लामांशी संगनमत व जपानसाठी हेरगिरी या आरोपांवरून रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली आणि २६ नोव्हेंबर १९३७ रोजी मॉस्को येथे त्याला गोळी घालण्यात आली. बरोबर तेरा वर्षांपूर्वी, याच तारखेला, तो ज्या पहिल्या महाखुरालाचा प्रतिनिधी होता, तिने प्रजासत्ताकाची राज्यघटना संमत केली होती. एका स्वतंत्र म्हणविणाऱ्या देशाच्या माजी पंतप्रधानावर परक्या देशात, परक्या न्यायासनापुढे खटला चालावा, ही घटना त्या स्वातंत्र्याचे खरे स्वरूप स्पष्ट करते.

पुढील घटना : गेंडेन तुरुंगात असतानाच, १९३७ च्या ऑगस्टमध्ये, देमिद मॉस्कोच्या प्रवासात संशयास्पद रीत्या मरण पावला. त्याच महिन्यात रशियन सैन्य मोठ्या संख्येने मंगोलियात येऊ लागले आणि रशियन गुप्त पोलिसांचा उपप्रमुख फ्रिनोव्हस्की राजधानीत दाखल झाला. १० सप्टेंबरच्या रात्री ‘गेंडेन–देमिद कटा’च्या नावाखाली धरपकडीला सुरुवात झाली. ऑक्टोबर १९३७ ते एप्रिल १९३९ या काळात एका विशेष आयोगाने सु. २५,००० व्यक्तींना शिक्षा ठोठावल्या. त्यांपैकी वीस हजारांहून अधिक लोकांना ठार मारण्यात आले. मृतांत लामांची संख्या सर्वांत मोठी होती. मठ पाडण्यात आले वा जाळण्यात आले. मूर्ती वितळविण्यात आल्या व ग्रंथसंग्रह नष्ट झाले. गेंडेनने जे काम लांबणीवर टाकले होते, ते त्याच्या पश्चात दीड-दोन वर्षांत उरकण्यात आले. आमारही वाचला नाही. मार्च १९३९ मध्ये त्याला पदच्युत करून अटक करण्यात आली व रशियात नेऊन १९४१ मध्ये देहान्ताची शिक्षा देण्यात आली. त्यानंतर चोइबाल्सान पंतप्रधान झाला व १९५२ पर्यंत त्याने निरंकुश सत्ता उपभोगली. १९२१ ते १९५२ या काळात मंगोलियाला आठ शासनप्रमुख लाभले. त्यांपैकी चाग्दारजाव, बोदो, जिग्जिदजाव, गेंडेन व आमार या पाच जणांचा शेवट हिंसेने झाला.

मूल्यमापन : स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५६ मध्ये, रशियन न्यायालयाने गेंडेनला निर्दोष ठरविले, मंगोलियात मात्र १९९० च्या लोकशाही परिवर्तनापर्यंत त्याचे नाव अधिकृत इतिहासात निषिद्धच राहिले. त्यानंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांमुळे त्याच्या कारकीर्दीवर नवा प्रकाश पडला. त्याची कन्या त्सेरेनदुलाम हिने ऊलान बातोर येथील त्याच्या जुन्या निवासस्थानी राजकीय दडपशाहीतील बळींचे स्मृतिसंग्रहालय उभारले. १० सप्टेंबर हा दिवस या बळींचा स्मृतिदिन म्हणून पाळला जाऊ लागला.

आधुनिक मंगोलियात गेंडेनकडे राष्ट्रीय स्वातंत्र्याचा हुतात्मा म्हणून पाहिले जाते. हे चित्र अपुरे आहे. १९२९–३२ मधील सक्तीची जबाबदारी त्याच्यावरही येते आणि ल्हुंबे प्रकरणात त्याने निरपराध्यांचा बचाव केला नाही. तथापि अनुभवाने तो शहाणा झाला, हेही तितकेच खरे. प्रजेवर बळजबरीने लादलेली सुधारणा टिकत नाही, हे त्याने बंडाच्या झळा सोसून ओळखले आणि त्यानंतर ती चूक पुन्हा करण्यास तो राजी झाला नाही. रशियाला नकार देण्याचे सामर्थ्य त्याच्या देशापाशी नव्हते. जपानकडे वळणे हा पर्याय मांचुकुओची स्थिती पाहता त्याहून बरा नव्हता. अशा परिस्थितीत दुर्बल राष्ट्राच्या शासनप्रमुखाच्या हाती एकच साधन उरते व ते म्हणजे विलंब. गेंडेनने ते वापरले. त्यामुळे मंगोल पशुपालकांना चार वर्षांची उसंत मिळाली, त्यांचे कळप पुन्हा वाढले आणि मठांतील दीप काही काळ अधिक तेवत राहिले. अंतिम अनर्थ त्याला टाळता आला नाही. परंतु त्यावर आपल्या हाताने शिक्कामोर्तब करण्याचे त्याने नाकारले, हे त्याच्या कारकीर्दीचे वैशिष्ट्य होय.